मेळघाट: वाघाच्या घराची पन्नास वर्षं

22 फेब्रुवारी 1974 रोजी अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाला. देशभरातून सुरुवातीला निवडलेल्या नऊ जंगलांत मेळघाटचं नाव होतं आणि महाराष्ट्रातलं ते एकमेव होतं. कॉर्बेट, कान्हा, रणथंबोर, बांदीपूर, मानस, सुंदरबन, सिमलीपाल आणि पलामू ही त्याची आठ भावंडं. पुढे कान्हा आणि रणथंबोर पर्यटकांनी गजबजले. नंतर ताडोबाची ख्याती जगभर पसरली. मेळघाटच्या वाट्याला तशी प्रसिद्धी आली नाही. इथे उभे कडे आहेत, खोल दऱ्या आहेत, मैलोन् मैल सागवान आहे. वाघ इथे राहतो, पण सहसा दिसत नाही. तरीही जंगल वाचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, त्याला काय लागतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजून घ्यायचं असेल तर मेळघाटच्या इतिहासाइतका बोलका इतिहास महाराष्ट्रात दुसरा नाही.

डोंगर, नद्या आणि कोरकू

सातपुड्याची दक्षिणेकडची रांग म्हणजे गाविलगडचे डोंगर. वैराटचं टोक समुद्रसपाटीपासून 1178 मीटर उंच. दक्षिणेला वऱ्हाडचं काळ्या मातीचं सपाट मैदान, उत्तरेला तापीचं खोरं. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतून निघून तापीला मिळतात. जंगल टिकलं तर उन्हाळ्यातही नद्यांच्या डोहांत पाणी राहतं, आणि मार्चनंतर अख्खं रान त्या डोहांच्या आधाराने जगतं.

हा मुलूख किती अवघड आहे ते इंग्रजांच्या फौजेला 1803 सालीच कळलं होतं. गाविलगडावर उत्तरेच्या बाजूने मारा करायचा म्हणून स्टीव्हन्सनच्या तुकडीला डोंगरातून वाट फोडत तोफा ओढाव्या लागल्या. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने गड घेतला. पुढे 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि गडाभोवतालच्या जंगलाकडे नव्या राज्यकर्त्यांची नजर वळली. त्यांना हवा होता साग. 1860 च्या दशकात वऱ्हाडातून रेल्वे धावू लागली, लाकडाची मागणी वाढली आणि त्याच दशकात मेळघाटातलं जंगल राखीव करायला सुरुवात झाली.

त्या जंगलात कोरकू राहत होते. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. तिचं नातं थेट झारखंडच्या मुंडा भाषांशी आहे. त्यांच्या गावाची ठेवणही वेगळी. मधून रुंद रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या घरांच्या दोन सरळ ओळी. गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ सागवानी फळा कोरण्याची त्यांची रीत आहे. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले असतात. गावातले असे फळे गावालगतच्या एखाद्या झाडाखाली एकत्र उभे केलेले असतात. होळी हा त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा सण. मोहाची फुलं, तेंदूपत्ता, डिंक, मध आणि डोंगरउतारावरची थोडी शेती यांवर त्यांचं जगणं चालत आलं होतं.

जंगल राखीव झालं तेव्हा झाडोरा जाळून केली जाणारी त्यांची फिरती शेती बंद पडली. पण झाडं तोडायला, ओढायला आणि वणवे विझवायला हात तर हवेच होते. म्हणून वनखात्याने जंगलातच 'वनग्रामं' वसवली. कोरकूंना कसायला जमीन मिळाली, पण मालकी मिळाली नाही. खात्याला लागेल तेव्हा कामावर जायचं, या अटीवर ते तिथे राहिले. पुढे दीडशे वर्षांत मेळघाटात जे जे वाद पेटले, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या व्यवस्थेत सापडतं. माणसं जंगलात पिढ्यान् पिढ्या नांदली, कागदावर मात्र ती खात्याच्या मर्जीने राहणारी ठरली.

शिकारीकडून संरक्षणाकडे

इंग्रज अधिकारी आणि संस्थानिक यांच्या शिकारीच्या हौसेने मध्य भारतातले वाघ शेकड्यांनी मारले. स्वातंत्र्यानंतर शिकार थांबली नाही. उलट बंदुका वाढल्या, जीपगाड्या आल्या, कातड्यांना परदेशी बाजारपेठ मिळाली. 1969 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचं अधिवेशन दिल्लीत भरलं आणि वाघाची अवस्था जगापुढे आली. 1970 मध्ये देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षी पहिली देशव्यापी व्याघ्रगणना झाली. वनरक्षकांनी पाणवठ्यांच्या कडेच्या चिखलात आणि धुळीच्या वाटांवर उमटलेल्या पंजांवर काच धरून ठसे उतरवले. आकडा निघाला 1827. पद्धतीत दोष होते, पण वाघ संपत चालला आहे हे कळायला तेवढं पुरेसं होतं.

1 एप्रिल 1973 रोजी कॉर्बेटमधल्या ढिकाला इथे व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली. करण सिंह यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने आराखडा आखला होता. कैलाश सांखला प्रकल्पाचे पहिले संचालक झाले. त्यामागचा विचार त्या काळाच्या मानाने मोठा होता. एकटा वाघ वाचवता येत नाही. त्याला सावज हवं, सावजाला गवत हवं, गवताला माती आणि पाणी हवं. तेव्हा अख्खा अधिवास राखायचा. मधल्या गाभ्यात तोड, चराई, शेती काहीही होऊ द्यायचं नाही आणि भोवताली माणसाच्या वापराला जागा ठेवायची.

मेळघाटात हा विचार जमिनीवर आणणं कठीण होतं. एका वाघाला वर्षाकाठी साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. मेळघाटात सांबर आणि रानगवे होते, पण दाट सागवानाखाली गवत कमी आणि म्हणून चितळांचे मोठे कळपही कमी. सावज विरळ असलं की एकेका वाघिणीला फार मोठा प्रदेश लागतो. इथलं जंगल पाहता पाहता संपत नाही, तरी त्यात मोजकेच वाघ मावत होते. शिवाय मोकळी, सपाट, ओलाव्याची जी जागा गवतासाठी सर्वांत चांगली, तिथे नेमकी गावं आणि त्यांची शेतं होती.

पहिली काही वर्षं राखणीत गेली. जंगलात संरक्षण कुट्या उभ्या राहिल्या आणि वनरक्षकांच्या पायी गस्ती सुरू झाल्या. उन्हाळा आला की जाळरेषा काढायच्या, म्हणजे रुंद पट्ट्यातलं गवत आणि पाला आधीच जाळून टाकायचा, की लागलेला वणवा तिथे अडावा. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत इथल्या वनमजुराचं आयुष्य या रेषांवर जातं. सागाची पानगळ गुडघाभर साचते, एखादी ठिणगी पडली की डोंगर रात्रभर जळत राहतो, आणि हातात हिरव्या फांद्या घेऊन तो विझवणारे बहुतेक हात कोरकूंचेच असतात. व्याघ्र प्रकल्पाचा इतिहास अधिकाऱ्यांच्या नावांनी लिहिला जातो. त्यात या हातांना पहिल्या ओळीत जागा हवी.

1985 मध्ये मेळघाट अभयारण्य झालं. 1987 मध्ये त्यातलं 361 चौरस किलोमीटर क्षेत्र गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. 1997 मध्ये वान, अंबाबरवा आणि नरनाळा ही अभयारण्यं आली. संरक्षणाचं छत्र अमरावतीतून अकोला आणि बुलढाण्यापर्यंत पसरलं.

पण त्याच काळात मेळघाटचं नाव वेगळ्याच कारणाने देशभर गाजलं. 1993 मध्ये इथले कुपोषणाने होणारे बालमृत्यू वर्तमानपत्रांतून बाहेर आले. दवाखाना दूर, रस्ते पावसाळ्यात बंद, रोजगार तुटपुंजा. जंगलातली कामं आटली होती, शेती पावसावर होती आणि नियमांचे फास वाढत होते. रवींद्र आणि स्मिता कोल्हे हे डॉक्टर दांपत्य बैरागडमध्ये राहून उपचार करत होतं. या बालमृत्यूंनी एक प्रश्न सगळ्यांपुढे उभा केला. एकाच डोंगरात वाघासाठी कोट्यवधी खर्च होत असताना तिथलं मूल उपासमारीने मरत असेल, तर त्या संरक्षणाला स्थानिकांचा पाठिंबा कसा मिळणार?

गाव उठतं आणि गवत येतं

या शतकाच्या सुरुवातीला गाभ्यातली बोरी, कोहा आणि कुंड ही तीन गावं आकोटच्या बाजूला सपाटीवर वसवली गेली. रस्ता, वीज, शाळा, दवाखाना जवळ मिळेल, या आशेने बरीच कुटुंबं तयार झाली. मागे राहिली ती शेतं.

पडीक शेतात आपोआप कुरण तयार होत नाही. पहिल्या पावसात तिथे तरोटा उगवतो आणि बघता बघता कमरेएवढा होतो. कडेने घाणेरी पसरते. यांपैकी काहीच चितळ-सांबर फारसं खात नाहीत. म्हणून तरोटा फुलावर येण्याआधी, बी धरण्याच्या आत, मुळासकट उपटावा लागतो आणि तोही सलग काही वर्षं. जंगलातून पवन्या, मारवेल अशा जनावरांना आवडणाऱ्या गवतांचं बी गोळा करायचं, रोपवाटिकेत वाढवायचं, मग त्या जमिनीत लावायचं. नाल्यांवर छोटे बांध घालून ओलावा धरायचा. दोन-तीन पावसाळ्यांनंतर जुन्या बांधांच्या खुणा गवताखाली जातात. आधी चितळ येतात, मग सांबर, आणि संध्याकाळी कडेच्या सागवानातून रानगव्यांचे कळप उतरतात. सावजामागून वाघ येतो. गावाच्या जागेवरची ही कुरणं मेळघाटात वाघाच्या पुनरागमनाचा पाया ठरली.

हा अधिवास फक्त वाघाचा नाही. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड 1873 मध्ये ह्यूम या पक्षितज्ज्ञाने शास्त्रीय नावाने नोंदवलं होतं. 1884 नंतर त्याचा एकही खात्रीलायक नमुना मिळाला नाही आणि पक्षी नामशेष झाला असं मानलं गेलं. 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा दिसला. पुढे शोध घेतल्यावर मेळघाटच्या विरळ सागवानी जंगलात तो बऱ्याच ठिकाणी आढळला. वाघाच्या नावाने राखलेल्या रानात एक हरवलेला पक्षी निमूट जगत होता.

2005 मध्ये राजस्थानातल्या सारिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि देश हादरला. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं गेलं. स्थानिक माणसांना बरोबर घेतल्याशिवाय वाघ टिकणार नाही, हे त्या दलाने ठामपणे मांडलं. 2006 मध्ये कायदा बदलून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं. त्याच वर्षी वनहक्क कायदाही झाला. जंगलातल्या माणसाचा हक्क आधी मान्य करा, ग्रामसभेची संमती घ्या, मगच पुनर्वसनाचं बोला, असं त्या कायद्याने सांगितलं. 2007 मध्ये मेळघाटातलं सुमारे 1500 चौरस किलोमीटर क्षेत्र अतिसंरक्षित व्याघ्र अधिवास म्हणून जाहीर झालं. 2008 पासून पुनर्वसनासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपयांची योजना लागू झाली. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जाऊ लागला.

यानंतर गावं झपाट्याने उठली. वैराट, चुर्णी, अमोणा, नागरतास, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी. धारगडला महादेवाचं ठाणं आहे. गाव गेलं तरी श्रावणात यात्रेकरू जंगलाची वाट तुडवत तिथे येतातच.

2013 आणि 2017: दोन धडे

2013 मध्ये मेळघाटात वाघांच्या शिकारीचं मोठं जाळं उघडकीस आलं. राज्याबाहेरच्या संघटित टोळ्या लोखंडी सापळे लावून वाघ मारत होत्या आणि कातडी-हाडं बाहेर जात होती. वाघाच्या नेहमीच्या वाटेवर सापळा मातीत पुरायचा आणि त्यात पंजा अडकला की जनावराला जागीच मारायचं, अशी त्यांची पद्धत. यानंतर मेळघाटात वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. गस्त आणि तपास सुधारले, काही आरोपींना शिक्षाही झाल्या. गावं हलवून जंगल रिकामं झालं म्हणजे ते सुरक्षित झालं असं नाही, हा या प्रकरणाचा धडा होता. रिकाम्या जंगलात परका माणूस आला तर तो दिसायला कुणाचे तरी डोळे लागतात.

दुसरा धडा 2017 मध्ये मिळाला. पुनर्वसित गावांतली काही शे माणसं पायी निघाली आणि आपल्या जुन्या, पडक्या गावांत परत गेली. केलपाणी, गुल्लरघाट या नावांची चर्चा तेव्हा राज्यभर झाली. नव्या वसाहतींत शेतजमीन मिळाली नाही, आरोग्याची सोय नाही, आजारपणात माणसं गेली, मिळालेले पैसे संपले, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. समजुती घातल्या गेल्या, आश्वासनं दिली गेली, काही लोक माघारी आले. पण प्रश्न मिटला नाही. जानेवारी 2019 मध्ये लोक पुन्हा जंगलात गेले तेव्हा वनखातं, पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला आणि अनेक जण जखमी झाले.

दहा लाख रुपये ही त्या घरांनी तोवर पाहिलेली सर्वांत मोठी रक्कम होती. जंगलात पैसा कमी लागतो: सरपण, मोह, भाजी, मासे, घराला बांबू-लाकूड, सगळं आसपास मिळतं. सपाटीवर आल्यावर यातली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. जमीन नसेल तर बँकेतली रक्कम वर्षावर्षाला वितळत जाते. शिवाय समोरासमोरच्या घरांची ओळ मोडते, कोरलेले फळे मागे राहतात, होळीची जागा बदलते. कोणत्याच मोबदल्याच्या तक्त्यात या गोष्टींसाठी रकाना नसतो.

रेल्वे थांबली, एक गाव उभं राहिलं

याच काळात एक मोठा धोका टळला. अकोला ते खंडवा ही मीटरगेज रेल्वे थेट मेळघाटच्या गाभ्यातून जात होती. धूळघाटच्या परिसरात डोंगर चढताना ती स्वतःभोवतीच वळसा घेत असे. 2017 च्या सुरुवातीला या मार्गावरची वाहतूक बंद झाली आणि ब्रॉडगेजचं काम हाती घेण्याचं ठरलं. मोठ्या, वेगवान गाड्या रात्रंदिवस जंगलातून धावल्या असत्या तर कुरणांसाठी केलेल्या कामावर पाणी पडलं असतं. वन्यजीव तज्ज्ञांनी, नागरिकांनी आणि 2020 मध्ये राज्य सरकारनेही पर्यायी मार्गाची बाजू घेतली. जंगलाला वळसा घालून, बुलढाण्यातल्या गावांना जोडत जाणाऱ्या मार्गाला बळ मिळालं. त्या गावांनाही रेल्वे हवी होती. विकास आणि अधिवास यांपैकी एकच निवडण्याची वेळ दर वेळी येत नाही, हे या वादाने दाखवून दिलं.

आणि परतवाड्याजवळ पायविहीर. व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरचं, उजाड टेकड्यांचं गाव. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 'खोज' या संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी चराई आवरली, माती अडवली, झाडं लावली आणि राखलीही. मजुरीसाठी बाहेर जाणारी माणसं आपल्याच जंगलात कामाला लागली. गावाने एकत्र येऊन सीताफळं विकली. 2014 मध्ये या गावाला जैवविविधता पुरस्कार मिळाला. हक्क हातात आला की माणूस जंगल संपवतो, ही भीती किती पोकळ आहे ते पायविहीरने सिद्ध केलं.

आज महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. 2006 च्या गणनेत राज्यात 103 वाघ होते, 2022 मध्ये 444. या वाढीत मेळघाटचा वाटा आहे आणि तो केवळ संख्येचा नाही. इथून मध्य प्रदेशातल्या सातपुडा प्रकल्पाकडे जंगलाचा सलग पट्टा जातो. तरुण वाघ त्यावरून नवा मुलूख शोधायला निघतात. हे रान अखंड राहिलं तरच मध्य भारतातला वाघ निरोगी राहील.

हे यश खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. पण ते कुणाच्या जमिनीवर उभं आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. सावजाला गवत मिळालं ते कोरकूंनी सोडलेल्या शेतांत. वाघाला शांतता मिळाली ती त्यांच्या उठलेल्या गावांत. देशाच्या वतीने त्यांनी हे दिलं आहे, तेव्हा परतफेडही देशालाच करावी लागेल. त्यासाठी एक साधी गोष्ट करता येईल. दर चार वर्षांनी वाघांची गणना होते, कॅमेरे लागतात, अहवाल निघतो, आकडे गाजतात. त्याच अहवालात पुनर्वसित गावांचीही मोजदाद व्हावी. किती कुटुंबांच्या नावे जमीन झाली, किती मुलं शाळेत टिकली, किती बालकं दगावली, दवाखाना किती अंतरावर आहे, दिलेल्या आश्वासनांपैकी किती पाळली गेली, हे सगळं गावनिहाय, नावासह छापावं. वाघ वाढले की नाही याबरोबरच ज्यांनी त्यांना जागा दिली ते सुखात आहेत की नाही, हेही त्यातून कळेल. पुढच्या गावाला उठायला सांगण्याचा नैतिक अधिकार असा हिशेब मांडल्यानंतरच मिळतो.